गोंदणासकट

सरला रंगारीनं तिपाईवर कॅमेरा लावून फोटो काढायचा प्रयत्न एकदाच केला, तोही रायपूरच्या गोल बाजारात, भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. तिपाईचे पाय पसरले तशी गल्ली अडली. डोक्यावर पातेल्यांची चळत घेतलेला हमाल थांबला, त्याच्यामागं स्कूटर थांबली आणि स्कूटरच्या मागं सगळा बाजार भोंगे वाजवायला लागला. हवालदार आला. त्यानं कॅमेऱ्याकडं वरून खाली पाहिलं. काळा चामडी भाता, पितळी कडा, समोर वाटीएवढं भिंग.

"शूटिंग है क्या? परमिशन दिखाओ."

"शूटिंग नहीं, फोटो है," सरला म्हणाली.

"स्टँड लगा है ना? स्टँड लगा तो शूटिंग."

सरलानं तिपाई मिटली, भिंतीला टेकवली आणि तो अवजड डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. "अब?"

हवालदारानं मिटलेल्या तिपाईकडं पाहिलं, मग स्कूटरवाल्यावर ओरडत निघून गेला. त्या दिवसापासून तिपाई घरी माळ्यावर पडली ती पडलीच.

कॅमेरा तिच्याकडं आला त्याची गोष्ट अशी. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खात्यात तिची उमर गेली होती. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायची, वाळवायची, डॉक्टरांकडं पाठवायची. मग तिथं कॉम्प्युटर आले, फिल्म बंद झाली, आणि नवं मशीन शिकण्यापेक्षा सरलानं मुदतीआधी रिटायरमेंट घेतली. गोदामात जुन्या फिल्मचे डबे पडले होते, तारीख उलटून गेलेले. भंगारात जायचेच होते. मोठ्या डॉक्टरांना विचारून तिनं ते रिक्षात घालून घरी आणले. नवरा गुलाबराव म्हणाला, "अवं, याचं करशील काय तू? कोणाची हाडं पाहून राहिली आता घरी?"

तिला तेव्हा सांगता आलं नव्हतं. पण महिन्याभरात सदर बाजारातल्या श्यामकांतनं आपला फोटो स्टुडिओ आवरायला काढला, आणि कपाटावर पडलेला हा जुना प्रेस कॅमेरा तिच्या नजरेस पडला. तळहाताएवढ्या फिल्मचा एकेक पत्रा त्यात घालायचा. पूर्वी पेपरवाले हातात धरून सभा नि मिरवणुकांचे फोटो काढत, तसला. श्यामकांत म्हणाला, "घेऊन जा वहिनी, याच्या मापाची फिल्म आता कुठं मिळते?" सरला म्हणाली, "मोठी फिल्म घरी हाय. कापून घेईन."

गुलाबराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. बायकोचं खूळ त्याला कळलं नाही, पण कॅमेऱ्याला धड मूठ नाही हे कळलं. त्यानं सागाच्या तुकड्याची मूठ घासून बसवली, वर चामड्याचा पट्टा मारला आणि म्हणाला, "आता हातातून सुटणार नाही." वजनाचं सरलाला काही वाटत नव्हतं. शिशाचा एप्रन अंगावर घालून तिनं उभं आयुष्य काढलं होतं.

हसणारे पुष्कळ होते. राजधानी छायाचित्र मंच नावाचा एक क्लब शहरात होता. त्याचे अध्यक्ष चारुदत्त पांढरीपांडे, निवृत्त अभियंते, बोलायला गोड, हातात सगळ्यात नवा डिजिटल कॅमेरा. त्यांनी सरलाला मंचात घेतलं ते कौतुकानंच. पण पहिल्या बैठकीतच म्हणाले, "सरलाताई, हा फॉरमॅट हातात धरून वापरायचा नसतो. तिपाई हवी. एवढ्या मंद, जास्त उजेड मागणाऱ्या फिल्मवर हात हलणारच."

"हलला तर हलला," सरला म्हणाली. "गल्लीत तिपाई मावत नाही, अन् गल्ली तर मी सोडून नाही राहिली."

बैठकीतले तरुण हसले. पण पुढच्या महिन्यात तिनं फोटो दाखवले तेव्हा कोणी हसलं नाही. हात हलला नव्हता. पंचवीसेक वर्षं ती पेशंटला "सांस रोको" म्हणत आली होती. आता तेच ती मनात स्वतःला म्हणायची, कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि खटका दाबायची.

तिची रीत अशी होती. अंतर डोळ्यानं मोजण्याच्या भानगडीत ती पडत नसे. भिंगाखाली एक सुती दोरी बांधलेली असे. भिंग त्या दोरीच्या लांबीला आधीच लावून ठेवायचं. समोरच्या माणसाच्या हातात दोरीचं टोक द्यायचं, त्यानं ते गालाशी धरायचं, दोरी ताणली गेली की अंतर बरोबर. मग तो टोक सोडून द्यायचा आणि जागचा हलायचा नाही. त्यामुळं चोरून फोटो काढणं तिला जमण्यासारखंच नव्हतं. दोरी हातात देताना ती नाव विचारायची. आणि फोटो धुऊन झाला की त्याची एक प्रत त्या माणसाला नेऊन द्यायची. दोरीमुळं लोक आधी हसायचे, आणि सोडल्यावर मात्र ताठ उभे राहायचे. पानवाला, चाकूला धार लावणारा, पंडरी बाजारातल्या कापडाच्या दुकानासमोर गाठोड्यांवर बसलेला हमाल, सगळे असे उभे की जणू हा रस्ता त्यांच्या नावावर आहे.

कमला ध्रुव तिला अशीच भेटली. भांड्यांच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर कमला टिकल्या, फण्या, रिबिनी, काळे दोरे मांडून बसायची. तिची आईही त्याच पायरीवर बसायची. कमला धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. गळ्यावरही गोंदणाच्या ठिपक्यांची माळ, एका कानाखालून दुसऱ्या कानाखाली गेलेली. तिच्या गौन्याच्या, म्हणजे सासरी पाठवणीच्या आधी आईनं गोंदणारी देवारीण बोलावून ते गोंदवून घेतलं होतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

पहिला फोटो सरलानं तिला नेऊन दिला तेव्हा कमलानं तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"दीदी, मोर गोदना कहाँ हे?"

सरलानं पाहिलं. खरंच, ठिपके जेमतेम दिसत होते. ही फिल्म माणसाच्या फोटोसाठी केलेलीच नव्हती. तांबूस रंग तिला दिसत नाही, म्हणून सावळी कातडी गडद येते आणि निळसर गोंदण त्या गडदपणात विरून जातं.

"फिल्मचा दोष आहे," सरला हिंदीतून म्हणाली.

"त मोर का दोष?" कमला म्हणाली. "चेहरा पूरा चाही."

हे सरलाला पटलं. चेहरा पुरा पाहिजे. तिनं श्यामकांतकडून पिवळ्या काचेचा तुकडा आणला आणि गुलाबरावानं तो भिंगावर बसेल असं कडं बनवून दिलं. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणजे गोंदण काळं उठायला पाहिजे. पण मग फिल्मला उजेड आणखी कमी पडतो, खटका जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि कॅमेरा तर हातात. पहिल्या खेपेला हात हलला. दुसऱ्या खेपेला मधून सायकल गेली. कमला प्रत्येक वेळी दोरी गालाशी धरून मुकाट्यानं सोडायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "रुको, फोटू होवत हे." तिसऱ्या खेपेला उन्हाचा एक पट्टा गल्लीत उतरला होता. सरलानं पाठ खांबाला लावली, श्वास सोडला, आणि मग रोखून धरला.

न्हाणीघरात लाल दिव्याखाली ती फिल्म ताटलीत हलवताना तिला आधी गळ्यावरची माळ दिसली, मग हनुवटी. फिल्मवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. तीन पांढरे ठिपके, स्पष्ट. तिनं गुलाबरावाला हाक मारली. तो दाराबाहेरून म्हणाला, "आलं का गोदना?" ती म्हणाली, "आलं."

नोव्हेंबरात राज्याच्या स्थापनादिनाच्या निमित्तानं मंचानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शहरातलं एक मोठं सभागृह मिळालं होतं, उद्घाटनाला नव्या रायपूरहून एका खात्याचे सचिव यायचे होते. निवडीच्या बैठकीत चारुदत्तजींनी कमलाचा फोटो हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "हा मधल्या भिंतीवर," ते म्हणाले. "मोठा करून. सरलाताई, निगेटिव्ह द्या, आम्ही स्कॅन करून मशीनवर छापून घेतो."

सरलानं निगेटिव्ह पाकिटात घालून दिली. पाकिटावर लिहिलं, कमला ध्रुव, गोल बाजार.

घरी तिचा मुलगा संघर्ष मात्र हे ऐकून जेवता जेवता थांबला. तो मंत्रालयात कंत्राटावर होता, रोज बसनं नव्या रायपूरला जायचा. मराठी त्याला सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतच.

"मम्मी, वो सचिव सर हमारे ही विभाग के हैं. उस दिन मेरी ड्यूटी वहीं लगी है."

"मग चांगलंच हाय नं. तू पण पाहशील."

"बस वहाँ किसी से बहस मत करना."

"मी काहून करू बहस?" सरला म्हणाली. गुलाबराव वरणात भात कालवत हसला. पोराचं नाव त्यानं मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, आणि पोरगा निघाला होता सगळ्यांना सांभाळून घेणारा.

प्रदर्शनाच्या दिवशी कमला पायरीवरचं आपलं दुकान बंद ठेवून आली. सोबत नणंद आणि शाळेत जाणारी मुलगी. पंडरीतून घेतलेली हिरवी साडी, केसांना तेल, दारात चप्पल काढू की नको याचा घोळ. दारावरच्या माणसानं विचारलं, "किधर?" कमला म्हणाली, "भीतर मोर फोटू हे," आणि तो बाजूला झाला.

सरलाला तेव्हा बाकीच्या फोटोग्राफरांबरोबर पुढच्या रांगेत बसवलं होतं, गळ्यात बिल्ला घालून. ती अजून भिंतींकडं गेलीच नव्हती. मागून कमलाचा आवाज आला. आवाज दबका होता, आणि तेच सरलाला विचित्र वाटलं, कारण कमला दबकं बोलणारी बाई नव्हती.

"दीदी, पूरा घूम लिए. मोर फोटू नइ हे."

"आहे नं. मधल्या भिंतीवर."

"वो मोर नो हे."

सरला उठली. मधल्या भिंतीवर, अर्ध्या दाराएवढ्या चौकटीत, एक बाई होती. नाक कमलाचं, खांदे कमलाचे, मागं तीच पायरी. पण चेहरा उजळलेला, गुळगुळीत, दुधात धुतल्यासारखा. हनुवटी कोरी. गळा कोरा. खाली चकचकीत पाटीवर हिंदीत लिहिलेलं.

कमलाच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं. "अनाम."

"ए अनाम कोन ए?" कमलानं विचारलं.

सरलाचे कान तापले होते. दवाखान्यात एकदा एका पेशंटचं नाव दुसऱ्याच्या फिल्मवर लागलं होतं तेव्हा असे तापले होते. तिनं चारुदत्तजींना गाठलं. ते दाराशी पुष्पगुच्छ मोजून घेत होते.

"साहेब, त्या फोटोवरचं गोंदण कुठं गेलं?"

"गोंदण?" त्यांनी भिंतीकडं पाहिलं, आणि त्यांना खरोखरच आत्ता समजलं असावं. "अरे... अहो, आमच्या स्कॅन करणाऱ्या मुलाला ते ओरखडे वाटले असणार. एक्स-रे फिल्म ना ती, दोन्ही बाजूंनी ओरखडे. त्यानं बसून एकेक ठिपका साफ केला हो. चूक झाली. मान्य आहे मला."

"अन् चेहरा? तो काहून गोरा केला?"

"गोरा नाही, उजेड वाढवला. एवढ्या मोठ्या प्रिंटमध्ये फार काळं दिसत होतं."

"ती सावळी हाय. अन् नाव? पाकिटावर लिहून दिलं होतं म्या."

आता चारुदत्तजींचा आवाज समजावणीचा झाला. "सरलाताई, नाव टाकलं की तो एका बाईचा फोटो होतो. अनाम म्हटलं की तो सगळ्या कष्टकऱ्यांचा होतो. जरा मोठा विचार करा."

सरलानं डाव्या भिंतीकडं बोट केलं. तिथं एका कारखानदाराचा फोटो होता, मंचाला जागा मिळवून देणाऱ्याचा. खाली नाव, हुद्दा, गाव. "त्यायले काहून नाही केलं अनाम?"

चारुदत्तजी घड्याळाकडं बघून म्हणाले, "उद्घाटन होऊ द्या. उद्या सकाळी नवी प्रिंट लावतो. शब्द देतो."

"ती आज आली हाय. दुकान बंद ठेवून."

"ताई, पाहुणे पोचले आहेत."

तेवढ्यात संघर्ष धावत आला. हातात फाइल, कपाळावर घाम. "मम्मी, सर नीचे आ गए हैं. प्लीज. बाद में देख लेना."

सरलानं त्याच्याकडं पाहिलं. पोराची तिला दया आली. त्याचं कंत्राट, रोजची बस, सगळं तिला माहीत होतं. एक क्षणभर तिला वाटलंही की बसावं जाऊन खुर्चीत, गळ्यातला बिल्ला सरळ करावा, आणि उद्या सकाळची वाट पाहावी. पण कमला अजून त्या चौकटीसमोरच उभी होती. तिनं हात हनुवटीवर नेला होता आणि बोटांनी ठिपके चाचपून पाहत होती, जागेवर आहेत की नाहीत.

सरलानं पुढच्या रांगेतली खुर्ची ओढली. खुर्चीच्या पायांचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. ती चप्पल काढून खुर्चीवर चढली आणि चौकटीला दोन्ही हात घातले.

"सरलाताई, ती मंचाची चौकट आहे," चारुदत्तजी खालून म्हणाले.

"चौकट तुमची हाय, कागद तुमच्या मशीनचा हाय. दोन्ही इथंच ठेवून राहिली मी. काही नेत नाही." मग तिनं मान वळवली. "कमला, खालून धर."

कमलानं खालून आधार दिला. दोघींनी मिळून चौकट खिळ्यावरून उतरवली, फिरवली, आणि तोंड भिंतीकडं करून पुन्हा टांगली. आता लोकांना दिसत होती ती चौकटीची पाठ, तपकिरी पुठ्ठ्याची. सरलानं पर्समधून जाड पेन काढलं, दवाखान्यात फिल्मच्या डब्यांवर लिहायला वापरायची तसलं, आणि त्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कमला ध्रुव, गोल बाजार, रायपुर. मग खाली वाकून तिनं ती चकचकीत पाटी काढली आणि चारुदत्तजींच्या हातात दिली. संघर्ष हे सगळं पाहत होता. तो पुढं आला नाही आणि मागंही गेला नाही.

"हे बरोबर नाही," चारुदत्तजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाही. पण आता जेवढं लिहिलं हाय तेवढं खरं हाय."

सचिवसाहेब वर आले. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि सगळा लवाजमा भिंती बघत बघत मधल्या भिंतीपाशी आला. साहेब थांबले. पुठ्ठ्याकडं पाहिलं, खाली उभ्या असलेल्या बायकांकडं पाहिलं.

"ये क्या है?"

चारुदत्तजींनी घसा साफ केला. पण त्यांच्या आधी कमला बोलली, आपल्या नेहमीच्या, गल्लीच्या आवाजात.

"मोर फोटू ए साहब. बने नइ आय हे. तेकर सेती उल्टा टाँगे हन."

चांगला आला नाही म्हणून उलटा टांगला, हे ऐकून साहेबांच्या तोंडावर थोडं हसू आलं. "अच्छा," ते म्हणाले. मग शेजारी उभ्या असलेल्या संघर्षकडं वळून त्यांनी हळूच विचारलं, "ये दूसरी वाली कौन हैं?"

संघर्ष फाइलकडं बघत म्हणाला, "कोई फोटोग्राफर हैं, सर."

सरलानं ते ऐकलं. साहेब पुढच्या भिंतीकडं गेले, लवाजमा त्यांच्या मागं गेला. सरलानं बिल्ला काढून खुर्चीवर ठेवला, चारुदत्तजींकडून निगेटिव्हचं पाकीट मागून घेतलं, आणि कमला, नणंद, मुलगी यांच्याबरोबर पायऱ्या उतरली. खाली कोपऱ्यावर चौघींनी उभ्यानं चहा घेतला. कमलाची नणंद अजून घाबरलेली होती. कमला मात्र म्हणाली, "साड़ी त बने दिखिस न?"

"बने दिखिस," सरला म्हणाली.

घरी ती गुलाबरावाला सगळं सांगत असताना संघर्ष आला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. जेवायला आला नाही. चार-पाच दिवस त्या घरात दोन बाजूंनी गुलाबरावच बोलत होता. सरला पोरावर रागावली नव्हती. तो खोटं तर बोलला नव्हता, ती फोटोग्राफर होतीच. पण ते वाक्य मनात आलं की हातातली भाजी चिरायची थांबायची.

शेवटी तोच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू सही थी," तो म्हणाला. "लेकिन तरीका गलत था."

"बरोबर तरीका सांग मले. खरंच सांग, पुढच्या खेपेला तसं करीन."

त्यानं विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसत होतं. "अर्जी देती... कमिटी में बात रखती..." मग त्याचं त्यालाच ते पुरं करता आलं नाही. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मैंने उस दिन सर को बोला नहीं कि तू मेरी मम्मी है."

"ऐकलं म्या."

"आज बताया. खुद जाके."

सरलानं विळी बाजूला सारली. "काय म्हणाले?"

"बोले, अच्छा."

गुलाबराव बाहेरच्या खोलीत एवढ्या जोरात हसला की शेजारीण खिडकीत आली. संघर्षही हसला, जरासा, ओशाळून. तिला वाटलं, एवढ्या एका 'अच्छा'ला पोरगा किती दिवस भीत होता.

मंचानं तिचं सदस्यत्व काढून घेतलं. तसा निरोप फोनवर आला, आणि सरलानं "ठीक हाय" म्हणून फोन ठेवला. तिच्या डोक्यात आता वेगळंच चाललं होतं. मोठा फोटो करायला तिच्याकडं यंत्र नव्हतं. पण कॅमेऱ्यातून उजेड आत जातो तसा बाहेरही येऊ शकतो. गुलाबरावानं पत्र्याचा एक डबा केला, आत दिवा बसवला आणि तो कॅमेऱ्याच्या पाठीला जोडला. मध्ये निगेटिव्ह ठेवली की भिंगातून चित्र समोरच्या भिंतीवर पडायचं. खिडक्यांना गोधड्या लावून, नागपूरहून मागवलेला फोटोचा कागद भिंतीवर ठोकून, त्या दोघांनी कमलाचा चेहरा मोठा केला. पहिले कागद वाया गेले. एक फार काळा, एक तिरका. गुलाबराव एकदा दिव्यावर शिंकला आणि सगळं हललं. पण शेवटी जमला. ओरखडे होते, खालचा कोपरा डागाळला होता, हनुवटीवर तीन ठिपके होते आणि गळ्यावर पूर्ण माळ.

तो फोटो कमलानं बंद दुकानाच्या शटरवर, रिबिनींच्या वर टांगला. खाली मुलीनं खडूनं नाव लिहिलं. पहिल्याच दिवशी भांडीवाल्यानं येऊन विचारलं, "दीदी, मेरा भी होगा?" मग धारवाला, मग फुलवाली. हवालदारही एकदा घुटमळला. म्हणाला, वर्दीत चालेल का? सरला म्हणाली, चालेल, नाव सांगा. त्यानं नाव सांगितलं आणि दोरी गालाशी धरताना लाजला. थंडी सरेपर्यंत त्या गल्लीत जागोजागी फोटो लटकत होते, कुठं दारावर, कुठं छपराच्या वाशाला, प्रत्येकाखाली नाव. काही धुळीनं मळले, एक चोरीला गेला. ज्याचा चोरीला गेला त्यानं दुसरा काढून घेतला आणि सगळ्यांना सांगत फिरला की त्याचाच फोटो चोरण्यासारखा होता.

फेब्रुवारीत एका सकाळी चारुदत्तजी गल्लीत आले. एकटेच, कॅमेरा न घेता. एकेका फोटोपाशी थांबत, नावं वाचत ते कमलाच्या पायरीपर्यंत पोचले. सरला तिथंच होती. समोर गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला ती दोरीचं टोक देत होती.

"सरलाताई," ते म्हणाले, "चांगलं काम आहे हे. मनापासून सांगतो. यंदा पुन्हा प्रदर्शन करतो आहोत. ही सगळी मालिका घेऊ. नावांसकट. फक्त समितीतले काही जण... तुम्ही झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो असं दोन ओळींत लिहून दिलंत, तर मला त्यांना समजावणं सोपं जाईल."

"मले खेद वाटत नाही," सरला म्हणाली.

"माहीत आहे. नुसतं लिहायचं."

"जे वाटत नाही ते कसं लिहू? ओरखडे समजून तुमच्या पोट्ट्यानं पुसलं, ती चूक होती, तुमी तेव्हाच कबूल केलं. बाकीचं चूक नव्हतं, तुमाले ते बरोबर वाटत होतं. ते आता चुकीचं वाटते का, ते तुमी लिहून द्या. मग बोलू."

चारुदत्तजींनी वर, शटरवर, कमलाच्या फोटोकडं पाहिलं. बरंच पाहिलं. पायरीवरून कमला त्यांच्याकडं बघत होती, हातातली फणी पुसत. "लेबे का कुछु?" गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली.

म्हाताऱ्यानं दोरी सोडली होती आणि तो ताठ उभा होता. उन्हाचा पट्टा त्याच्या खांद्यापर्यंत आला होता आणि सरकत होता. सरलानं कॅमेरा उचलला, कोपरं बरगड्यांना लावली, आणि कॅमेऱ्यावर बसवलेल्या तारेच्या चौकटीतून पाहिलं. चौकटीच्या डाव्या कडेला चारुदत्तजींचा अर्धा खांदा येत होता.

"साहेब, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "नाही तर इथं म्हाताऱ्याच्या शेजारी उभे राहा, नाव सांगा. पण लवकर ठरवा, ऊन चाललं."

ते बाजूला झाले. भिंतीला टेकून उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत. सरलानं श्वास रोखला आणि खटका दाबला. मग कॅमेऱ्यातला फिल्मचा होल्डर उलटा करून दुसऱ्या बाजूची फिल्म पुढं घेतली, आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, एक और. नाम फिर से बोलना, पूरा."